आयॉनिक इक्विलिब्रिया (अ‍ॅसिड-बेस आणि पीएचचा चॅप्टर) सुरू करताय? पीएच बघून बेसचा हिशोब करू नका
अकरावी-बारावी सायन्सवाल्यांनो, अ‍ॅरेनियस, ब्रॉन्स्टेड-लॉरी, लुईस या व्याख्या मी परत सांगत बसत नाही, पुस्तकात आहेत, दोन दिवसांत होतात. ब्रॉन्स्टेड आणि लॉरी यांनी वेगवेगळ्या देशांत बसून १९२३ मध्ये एकच गोष्ट मांडली आणि लुईसचंही त्याच वर्षीचं, एवढं डोक्यात ठेवा आणि पुढे चला.

खरा खड्डा पुढे आहे आणि त्यात चांगले नव्वद टक्केवाले पण पडतात, मीही बारावीभर त्यातच होतो. पीएच म्हणजे सुटे एच प्लस किती ते सांगणारा आकडा, जितका कमी तितके एच प्लस जास्त. ०.१ मोलर एचसीएलचा पीएच १. ०.१ मोलर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचा साधारण २.८७. आता दोन्ही १०-१० एमएल घेतले तर ०.१ मोलर एनएओएच (हा आपला बेस) कुणाला जास्त लागेल? मन लगेच म्हणतं एचसीएलला, ते स्ट्राँग ना. नाही. दोघांनाही १० एमएलच लागतं.

हे नीट बघा, घाई नको. २.८७ पीएच म्हणजे सुटे एच प्लस फक्त ०.००१३ मोलरच्या आसपास, म्हणजे शंभरातले एक-सव्वा रेणूच फुटलेत, बाकीचे अख्खे बसलेत. नुसत्या सुट्या एच प्लसचा हिशोब केला तर ब्युरेटमधून (थेंब थेंब सोडायची मापाची नळी) ०.१३ एमएल, म्हणजे दोन-तीन थेंबांत काम संपायला हवं. पण प्रत्यक्षात फिनॉल्फ्थॅलिन (बेसमध्ये गुलाबी होणारा इंडिकेटर) घालून थेंब टाका, थेंब पडतो तिथे गुलाबी ठिपका उठतो आणि फ्लास्क हलवला की गायब. कारण बेसने सुटे एच प्लस खाल्ले की अख्खे रेणू फुटून नवे देतात, पुन्हा खाल्ले पुन्हा देतात, साठा संपेपर्यंत. दादरला जिन्यावरची गर्दी मोजून खाली प्लॅटफॉर्मवर किती थांबलेत ते कळत नाही, वरचे सरकले की खालचे चढतात, तसंच. पीएच फक्त जिना मोजतो.

म्हणून स्ट्राँग-वीक वेगळं आणि कॉन्सन्ट्रेटेड-डायल्यूट वेगळं. स्ट्राँग म्हणजे किती फुटतं, कॉन्सन्ट्रेटेड म्हणजे किती घातलंय. आणि वीक म्हणजे निरुपद्रवी पण नाही हां, हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड वीकच आहे आणि ते काच खातं, कातडीतून आत जातं.

याच खड्ड्याची दुसरी बाजू इंडिकेटर. अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडला मिथिल ऑरेंज वापरलंत तर ते ४.४ पीएचलाच पिवळं होऊन बसतं, म्हणजे साधारण ३ एमएललाच, आणि तुम्ही खूश की रीडिंग आलं. एंड पॉइंटला सोडियम अ‍ॅसिटेट उरतं, पीएच ८.७च्या आसपास जातो, म्हणून फिनॉल्फ्थॅलिन. "सगळं न्यूट्रल म्हणजे ७" हे पण विसरा.

आता शॉर्टकटबद्दल. क्लासची फॉर्म्युला शीट वाईट नाही, पण ती ट्रेनमध्ये उजळणीला ठेवा, शिकायला नाही. १० रेज टू मायनस ८ मोलर एचसीएलचा पीएच काढा म्हटलं की शीटवाला बेधडक ८ लिहितो, अ‍ॅसिड घालून पाणी बेसिक! पाण्याचे स्वतःचे एच प्लस धरा, उत्तर ६.९८ येतं. आणि सीनियरच्या जर्नलमधून सीबीआर (म्हणजे ब्युरेटचं पुन्हा पुन्हा सारखं येणारं रीडिंग) उतरवणारे, तुमचं तुम्ही बघा, पण ब्युरेट हातात न धरता हा चॅप्टर कळतो असं मला तरी वाटत नाही. मला तो सरांपेक्षा लॅबमधल्या काकांमुळे जास्त कळला, ते काही समजवायचे नाहीत, नुसतं "हळू, हळू" म्हणायचे.

पण टेन्शन घेऊ नका, खरंच. गणितं चार-पाच साच्यांची आहेत. बोर्डाला कॅल्क्युलेटर नाही, लॉगटेबल आहे, त्यामुळे १.८चा (अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड किती फुटतं ते सांगणाऱ्या केएमधला आकडा) लॉग ०.२५५३ एवढा पाठ झाला की अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडवाली निम्मी गणितं हातानेच सुटतात. आणि प्रॅक्टिकलला फिकट गुलाबी येऊन अर्धा मिनिट टिकला की थांबा, रीडिंग लिहा. नंतर फ्लास्क ठेवून दिला की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने रंग उडतो, ते बघून घाबरून आणखी बेस टाकू नका.