फिनिशियन काचेचा चेहरा टॉर्चवर करताय? या चुका टाळा

दाढीवाला, डोळे वटारलेला, केसांच्या गोल गोल वळ्या असलेला तो निळा-पिवळा काचेचा चेहरा, कार्थेज, सार्डिनिया, इबिझा असल्या फिनिशियन (भूमध्य समुद्राकाठचे प्राचीन व्यापारी लोक) ठिकाणच्या थडग्यांतून निघालेला, इ.स.पू. 4थं-3रं शतक, त्याचा फोटो बघितला की लॅम्पवर्क (टॉर्चच्या, म्हणजे गॅसच्या ज्योतीवर काच वितळवून वस्तू घडवणं) करणाऱ्याचे हात शिवशिवतातच. करा की. पण आधी साइज बघा, फोटोत मोठा वाटतो, प्रत्यक्षात बरेचसे दोन-तीन सेंटीमीटरचे असतात. मोठा केलात की दाढीपर्यंत येईस्तोवर कपाळ गार होतं आणि टक्कन तडा.

दुसरं म्हणजे हे फुंकून केलेलं नाही. काच फुंकायची युक्ती इ.स.पू. 1ल्या शतकातली, तोवर कार्थेज जळून गेलं होतं (इ.स.पू. 146 साली). हे लोक धातूच्या सळईला मातीचा थर देऊन त्यावर काच गुंडाळायचे, म्हणजे आपलं मँड्रेल (सळई) आणि बीड रिलीजच (काच सळईला चिकटू नये म्हणून दिलेला थर). फक्त मँड्रेल डोक्यातून आरपार काढू नका, टोक काचेने झाका, म्हणजे खालून पोकळ आणि वरून बंद असं डोकं मिळतं आणि ओवायची कडी लावायला जागा राहते.

रंगात बरेच जण फसतात. चेहरा आयव्हरी (हस्तिदंती) काचेचा, शेजारी टर्क्वाइज (निळसर-हिरवी) काच, आणि मधे काळपट रेघ उमटली की टॉर्चला शिव्या! टॉर्चचा काही दोष नाही हो, आयव्हरीतलं गंधक आणि टर्क्वाइजमधलं तांबं यांची ती रिअ‍ॅक्शन आहे. कोबाल्ट निळा, पांढरा, पिवळा घ्या, मूळ रंगही तेच. पांढरा मात्र मऊ असतो, पसरतो, म्हणून डोळ्याचा ठिपका हवा त्यापेक्षा लहान ठेवा. आणि सगळी काच एकाच सीओईची (गरम झाल्यावर काच किती प्रसरण पावते त्याचा आकडा), 104 तर 104च, त्यात 90 ची कांडी घुसली तर आज ना उद्या फुटणारच.

केसांच्या वळ्या सगळ्यात शेवटी, कारण आधी लावल्यात तर नाक-ओठ करताना त्या वितळून नुसते गोळे होतात. बारीक स्ट्रिंगरची (काचेच्या तारेची) चकली घालून हलकेच चिकटवा, डोकं आचेबाहेर पण गरम ठेवा. कडी लावताना तेवढी जागा लालसर हवीच, नाहीतर वरवर चिकटते आणि दोऱ्यात ओवली की हातात येते.

अ‍ॅनीलिंग (भट्टीत ठेवून हळूहळू गार करणं) टाळू नका, 104 च्या काचेला साधारण 510-520 डिग्री सेल्सिअस, नाक आणि कडी बारीक आणि डोकं जाड, त्यामुळे हवेत गार केलेला चेहरा टिकत नाही.

जुन्या तुकड्यांवरची इंद्रधनुषी चमक आणायला कोणी अ‍ॅसिड सुचवेल, त्या वाटेला जाऊ नका, ती जमिनीत शतकानुशतकं काच झिजून आलेली असते, नवीन असताना नव्हती. आणि आतलं बीड रिलीज पाण्यात बुडवूनच खरवडा, कोरडी धूळ फुफ्फुसात जाते.