वादळासाठी ड्रोग की सी अँकर? घेताना या चुका टाळा

गगनबावड्याचा घाट उतरून देवगड-मालवणला छोटी शिडाची बोट ठेवणारे कोल्हापूरकर तसे थोडेच, पण भेटले की पहिला प्रश्न हाच, वादळासाठी ते पॅराशूट कितीला मिळतंय? भावांनो, किंमत नंतर. आधी बोट पुढनं धरायची का मागनं ते ठरवा.

सी अँकर म्हणजे पाण्यात उघडणारं मोठं कापडी पॅराशूट, तो नाळेवरनं, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरनं सोडायचा, बोट वाऱ्याकडं तोंड करून जवळपास जागेवर राहती. ड्रोग म्हणजे त्याहून छोटा, वेग कमी करणारा कापडी शंकू, तो मागनं सोडायचा, बोट वाऱ्याबरोबर पळतच राहती पण हळू, त्यामुळं लाटेवरनं घसरून आडवी व्हायचा धोका कमी होतोय. काहीजण छोटा ड्रोगच नाळेवरनं सोडतात, त्याला बोटीचं तोंड धरून ठेवायचा दम नसतोय, मग बोट आडवी होऊन लाटा कुशीवर घेती. फिन कीलच्या (बुडाखाली अरुंद पातं असलेल्या), पुढनं हलक्या बोटी तर सी अँकरवरसुद्धा डावी-उजवी झोलतात, त्यात लाटेनं मागं ढकललं की सुकाणूच मोडायची भीती. असल्या बोटीला माझं मत ड्रोगलाच.

मात्र ड्रोगवर असताना किनारा विसरायचा नाही! दोन नॉटनं सरकली तरी 24 तासांत 48 सागरी मैल, म्हणजे जवळजवळ 90 किलोमीटर, आणि पावसाळी नैऋत्येचा वारा ढकलतोय तो आपल्या कोकण किनाऱ्याकडंच. तेवढं मोकळं पाणी नसेल तर ड्रोग कामाचा नाही.

दुसरं, ड्रोगचा एकच मोठा शंकू आखूड दोरीवर लावला की तो लाटेच्या तोंडातनं उसळून बाहेर येतोय आणि नेमक्या वेळी बोट सुसाट सुटती. दोरी वाढवा, शंकूजवळ साखळी लावा. 1979 च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या रेसमध्ये वादळात 15 खलाशी गेले, त्यानंतर डोनाल्ड जॉर्डन या अमेरिकन इंजिनिअरनं सिरीज ड्रोग काढला. लांब दोरीवर पाच-पाच इंची कापडी शंकू, साडेचार टनांच्या बोटीला शंभराच्या आसपास, टोकाला वजन. लाट कशीही येऊ दे, काही शंकू पाणी धरूनच असतात.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, हे बांधायचं कशाला? लाट मागनं फुटली की दोरीवर जवळपास बोटीच्या वजनाइतका ताण येऊ शकतोय, आणि तिरकी आली तर त्यातला बराचसा एकाच कोपऱ्यावर. तो साध्या क्लीटवर (दोरी बांधायच्या खुंटीवर) टाकणं म्हणजे उसाची भरलेली ट्रॉली मोपेडला जोडणं. उद्यमनगरात 316 स्टेनलेसच्या जाड पट्ट्या करून घ्या आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांना आरपार बोल्टनं बसवा, नुसते स्क्रू नकोत.

सी अँकरवर झटके बसतायत? दोरी आखूड असणार नाहीतर पॉलिएस्टरची. ताणणारी नायलॉन घ्या, बोटीच्या लांबीच्या दहापट तरी. जिथं घासती तिथं जाड होजपाईप चढवा.

आणि परत ओढायचं कसं तेपण घेतानाच बघा. सिरीज ड्रोगला ट्रिप लाईन (उलटा करून सहज ओढून घ्यायची जादा दोरी) नसती, वारा पडल्यावर विंचवर (दोरी ओढायच्या चरकावर) थोडी थोडी करून ओढावी लागती, एकट्याचा घाम निघतोय.