पहिलं पुस्तक काढायला एजंट लागतो का?

कोल्हापुरात लिहिणारी नवी मुलं भेटली की हमखास विचारतात, ‘ओळख नाही, एजंट नाही, मग प्रकाशक आमचं वाचतील का?’ एजंट म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणी करणारा माणूस. मराठीत लिहीत असाल तर तो शोधण्यात वेळ घालवू नका. लंडन-न्यूयॉर्कचे मोठे प्रकाशक बहुतेक एजंटकडून आलेलंच वाचतात. आपल्याकडे लेखक थेट प्रकाशकाला हस्तलिखित पाठवतो.

त्याआधी एक-दोन कथा दिवाळी अंकांना पाठवा, त्याही पावसाळ्याच्या तोंडावरच. मग करवीर नगर वाचन मंदिरात जा. 1850 पासूनचं वाचनालय आहे हे. तुमच्या जातकुळीची पुस्तकं काढा आणि ती कोणी छापलीत ते टिपून घ्या. कादंबऱ्या काढणाऱ्याकडे कविता पाठवून दोघांचाही वेळ जातो. युनिकोडमध्ये टाइप केलेलं पूर्ण हस्तलिखित, पानभर सारांश आणि चार ओळींचा परिचय एवढं पुरे. तीन महिन्यांनी एक फोन करा. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही आहे, तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा.

होकार आला की खरी काळजी घ्यायची ती करारात. मी पहिल्या संग्रहाला स्वतःचे पैसे घातले, कागदावर काहीच घेतलं नाही. प्रती आमच्या माळ्यावर राहिल्या आणि कुठल्याच दुकानात पोचल्या नाहीत. ते दुःख तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून सांगतो, 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 19 वाचा. हक्क लेखीच द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. वेगळं ठरलं नसेल आणि प्रकाशकाने वर्षभरात हक्क वापरले नाहीत, तर ते तुमच्याकडे परत येतात. रॉयल्टी छापील किमतीवर की विक्रीतून हाती आलेल्या रकमेवर, हे आकड्यासह लिहून घ्या. अनुवाद, ऑडिओ आणि चित्रपटाचे हक्क सरसकट देऊन टाकू नका. सही करण्याआधी करार एखाद्या वकिलाला दाखवा.

इंग्रजीत लिहून परदेशी प्रकाशक हवा असेल, तर मात्र एजंट शोधा. तो तुमच्या कमाईतून साधारण 15 टक्के घेतो, हस्तलिखित वाचायचे पैसे मागत नाही. नावं शोधायची तर आवडलेल्या इंग्रजी पुस्तकांतलं ऋणनिर्देशाचं पान उघडा. लेखक तिथं आपल्या एजंटचे आभार मानतात.