गायनाचा गुरू निवडताना

शास्त्रीय गायन शिकायचे ठरले की आपण आधी गावातल्या नामवंत गायकाची चौकशी करतो. परंतु मैफल रंगवणे आणि दुसऱ्याच्या गळ्यातला सूर जागेवर आणणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि दोन्ही उत्तम जमणारी माणसे थोडी. म्हणून शुल्काची चौकशी करण्याआधी एक तास वर्गात मागे बसून ऐकण्याची परवानगी मागावी.

तिथे शिक्षकाचे गाणे ऐकण्यापेक्षा शिष्य चुकल्यावर काय होते ते पाहावे. समजा यमन राग चालला आहे आणि ‘नी रे ग’ म्हणताना मुलीचा गंधार (ग) किंचित उतरतो. काही शिक्षक तीच जागा स्वतः अधिक देखणी गाऊन दाखवतात आणि पुढे जातात. काही मात्र पेटी थांबवतात, तानपुरा तेवढा चालू ठेवतात, तिला गंधारावर एक संपूर्ण श्वास उभे करतात आणि सूर लागल्याचे तिला स्वतःला कळेपर्यंत वाट पाहतात. शिकायचे ते अशांकडे. बाजारातल्या बहुतेक पेट्यांचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा थोडा चढा असतो. त्यामुळे सगळी शिकवणी पेटीच्या आधारानेच चालत असेल, तर कान तयार व्हायला वेळ लागतो.

दुसरा प्रश्न पट्टीचा, म्हणजे पेटीच्या कोणत्या काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीला आपला षड्ज (सा) मानून गायचे, याचा. पुरुष साधारणपणे काळी एक-दोनच्या आसपास गातात, तर स्त्रिया पांढरी पाच किंवा काळी चारच्या आसपास. एकाच पट्टीत सगळा वर्ग गात असेल, तर कुणाचा तरी गळा ताणला जाणारच. मी स्वतः दोन वर्षे बाईंच्या काळी चारमध्ये ओरडत होतो आणि तार षड्ज (वरचा सा) लागत नाही याचा दोष रियाजाला देत होतो. आवाज फुटण्याच्या वयातल्या मुलासाठी तर हे आवर्जून विचारावे, कारण त्याची पट्टी काही महिन्यांत बदलते.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा वाईट नाहीत. अभ्यासाला त्यांनी शिस्त लागते. मात्र वहीत उतरवलेल्या ताना पाठ करून घेणे एवढाच वर्गाचा उद्योग नाही ना, हे पाहावे, आणि त्यासाठी परीक्षा नसलेल्या महिन्यांत काय शिकवता, असे सरळ विचारावे. घराण्याची चिंता नवशिक्याने एवढ्यात करू नये.

परदेशी राहणाऱ्यांना ऑनलाइन शिकवणीवाचून बरेचदा इलाज नसतो. त्यात आवाज उशिरा पोहोचत असल्यामुळे गुरूबरोबर एकत्र गाता येत नाही. तेव्हा तानपुरा आपल्या बाजूला लावावा आणि सुट्टीत भारतात आल्यावर समोर बसून चार-सहा धडे तरी घ्यावेत.

पहिल्या दिवशी तानपुऱ्यावर लावलेला आपला षड्ज फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवावा आणि तीन महिन्यांनी तोच पुन्हा लावून दोन्ही ऐकावेत. फरक पडला नसेल, तर नवा गुरू शोधण्याआधी जुन्यांना प्रत्यक्ष भेटून तसे सांगावे. संगीताच्या वर्तुळात बातमी लवकर पोहोचते, आणि ती त्यांना दुसऱ्याकडून कळणे वाईट.