मुंबईहून अमेरिका: आधी थांबा ठरवा, मग तिकीट

तिकीट शोधायला बसलं की आपण सगळे एकच करतो. ‘सर्वांत स्वस्त’वर टिचकी मारतो, वरच्या दोन-तीन ओळी बघतो आणि स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकतो. आई-बाबांचं न्यू जर्सीचं पहिलं तिकीट मीही असंच काढलं होतं. आठ हजार वाचले म्हणून खूश होतो. मधला थांबा सव्वा तासाचा होता. पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा उतरलं, तेही टर्मिनलपासून लांब. तिथून बसने आणलं, पुढे सुरक्षा तपासणीची रांग, आणि बाबांचे गुडघे. पुढचं विमान केव्हाच गेलं होतं. रात्र दोघांनी खुर्च्यांवर काढली. आईने दशम्या आणि चटणी बरोबर घेतली होती म्हणून निभावलं.

तेव्हापासून मी उलट्या क्रमाने जातो. आधी थांबा ठरवतो आणि भाव त्यानंतर बघतो. उदाहरण म्हणून मुंबई–न्यूयॉर्क घेऊ, कारण आपल्याकडच्या बहुतेक घरांत पहिला लांबचा प्रवास तोच असतो.

१. प्रवास कुठे मोडतो ते बघा

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण १२,५०० किलोमीटर आहे. दुबईमार्गे गेलात काय किंवा फ्रँकफर्टमार्गे काय, फेरा पडतो तो जेमतेम काहीशे किलोमीटरचा. म्हणजे अंतरावरून निवड होत नाही. फरक आहे तो तुकड्यांमध्ये. दुबई, दोहा, अबू धाबी या आखाती वाटेने पहिला तुकडा तीन-साडेतीन तासांचा आणि दुसरा सुमारे चौदा तासांचा. फ्रँकफर्ट, लंडन, पॅरिस, ॲमस्टरडॅम या वाटेने आधी नऊ-दहा तास आणि मग आठ-साडेआठ.

आता हे घड्याळावर मांडा. आखाताकडे जाणारं पहाटे चारचं विमान घेतलं, तर घरून रात्री बाराच्या सुमाराला निघायचं, झोप नाही. विमानात डोळा लागतोय तोवर जेवणाची गाडी येते आणि लगेच उतरायची वेळ. पुढचे चौदा तास एका जागी. युरोपच्या रात्रीच्या विमानात पहिल्याच टप्प्यात पाच-सहा तास झोप होते, सकाळी उतरून पाय मोकळे होतात आणि उरलेला प्रवास अर्धाच असतो. पाय सुजणाऱ्यांना, कंबरदुखीवाल्यांना मी युरोपच सांगतो.

पण आई-वडील पहिल्यांदाच, एकटे जाणार असतील आणि इंग्रजीची धास्ती असेल, तर आखात. तिथल्या विमानतळांवर हिंदी बोलणारं माणूस दर दहा पावलांवर भेटतं. फ्रँकफर्टला व्हीलचेअर मिळते, पण ‘इथेच बसा, येतो’ हे जर्मन धाटणीच्या इंग्रजीत ऐकून घाबरलेली माझी आत्या मला माहीत आहे.

सॅन फ्रान्सिस्को किंवा सिएटलला जायचं असेल तर पूर्वेकडची वाटही दिसते: सिंगापूर, हाँगकाँग, टोकियो. सिंगापूरमार्गे सॅन फ्रान्सिस्को म्हणजे सरळ अंतरापेक्षा चारेक हजार किलोमीटर जास्त. सिंगापूर बघायचंच असेल तर ठीक, नाहीतर अंगाला उगाच शिक्षा.

२. ट्रान्झिट व्हिसा

स्वस्त तिकिटं इथेच महाग पडतात. पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा असेल, तर लंडनला किंवा फ्रँकफर्टला विमानतळाबाहेर न पडता विमान बदलायला भारतीयांना सहसा वेगळा व्हिसा लागत नाही. इथे दोन खड्डे आहेत. पहिला: तिकीट मुंबई–पॅरिस–फ्रँकफर्ट–शिकागो असं असेल, तर पॅरिस ते फ्रँकफर्ट हा शेंगेनच्या, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, आतला प्रवास होतो. पॅरिसलाच इमिग्रेशन लागतं आणि शेंगेन व्हिसा नसेल तर मुंबईच्या काउंटरवरूनच परत पाठवतात. युरोपातला थांबा एकच ठेवा. दुसरा खड्डा परतीचा. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत राहणाऱ्या मुलांच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का बरेचदा संपलेला असतो. अमेरिकेत राहायला त्याने काही बिघडत नाही, पण युरोपमार्गे घरी येताना अडू शकतं. हे नियम बदलत असतात, म्हणून एजंटच्या तोंडी आश्वासनावर न जाता ज्या देशात विमान बदलायचं त्याच्या दूतावासाच्या साइटवर स्वतः वाचा.

३. किती वेळ ठेवायचा

विमान कंपनी जो किमान वेळ धरून तिकीट विकते, तो धडधाकट माणसाचा आणि वेळेवर उतरलेल्या विमानाचा असतो. माझा हिशेब असा: एकट्या तरुणाला दोन तास, मूल किंवा व्हीलचेअर असेल तर तीन ते चार. पाचच्या पुढे कंटाळा.

अबू धाबीचं गणित वेगळं. तिथे २०१४ पासून अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात बसण्याआधीच होतं. न्यूयॉर्कला उतरलात की देशांतर्गत प्रवाशासारखं बॅग घेऊन बाहेर. सोय छान आहे, पण ती रांग अबू धाबीत लागते, म्हणून तिथे तीन तासांपेक्षा कमी नको.

अमेरिकेत पुन्हा विमान बदलायचं असेल, म्हणजे नेवार्कहून रॅले वगैरे, तर लक्षात ठेवा: एरवी जिथे पहिल्यांदा उतरता तिथेच इमिग्रेशन, तिथेच पट्ट्यावरून बॅगा उचलायच्या, कस्टम्समधून नेऊन परत द्यायच्या. ‘बॅगा थेट रॅलेला मिळतील’ असं मुंबईत सांगितलं तरी ही पायरी सहसा चुकत नाही. परतीला दिल्लीमार्गे पुण्याला येतानाही सहसा असंच, बॅगा दिल्लीत घ्याव्या लागतात.

४. एकच पीएनआर, आणि विमानतळही एकच

मुंबई–दुबई एका स्वस्त कंपनीचं आणि पुढचं दुसऱ्याचं, असं जोडकाम करू नका. एका पीएनआरवर पहिलं विमान उशिरा आलं तर पुढचं बसवून देणं कंपनीचं काम. दोन तिकिटं असतील तर दुसरी कंपनी हात वर करते, आणि बॅगांचं वजनही प्रत्येकीचं वेगळं.

शहराचं नाव तेच आहे म्हणून निर्धास्त राहू नका. लंडनला हीथ्रोवर उतरून गॅटविकहून निघायचं, टोकियोला नारिताहून हानेदाला, न्यूयॉर्कला जेएफकेहून नेवार्कला, अशी तिकिटं सर्रास विकली जातात. आता घराजवळही ही भानगड आहे: गोव्यात दाबोळी आणि मोपा, मुंबईत सहार आणि नवी मुंबई. पुण्याहून टॅक्सी सांगताना ड्रायव्हरला विमानतळाचं नाव सांगा. आणि तारीख! १४ तारखेचं पहाटे दोनचं विमान म्हणजे घरून १३ च्या संध्याकाळी निघायचं. या एका चुकीने विमान हुकलेली दोन घरं आमच्याच सोसायटीत आहेत.

५. आकाशाचा अंदाज

रशियाचं आकाश २०२२ पासून युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना बंद झालं. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना मनाई केली, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही ‘थेट’ विमानांनाही वाटेत इंधनासाठी उतरावं लागलं. जून २०२५ मध्ये कतारचं आकाश काही तास बंद झालं आणि दोह्यात हजारो लोक अडकले. युरोपात हिवाळ्यात बर्फ आणि अधूनमधून संप. बिनधोक थांबा असा नाहीच. मी एवढंच बघतो, की त्या थांब्यावरून न्यूयॉर्कला दिवसात एकच विमान जातं की तीन-चार. एकच असेल तर ते चुकलं की चोवीस तास गेले.

६. बॅगेत काय आहे

दिवाळीच्या फराळात अनारसे असतील तर हे वाचाच. अनारशावरची खसखस संयुक्त अरब अमिरातीत अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, आणि सिंगापूरमध्येही ती चालत नाही. ‘आम्ही बाहेर कुठे पडतोय’ हा युक्तिवाद तिथे करून बघायची वेळ येऊ देऊ नका. दुबई, अबू धाबी किंवा सिंगापूरमार्गे जायचं तर खसखस, खसखस घातलेला मसाला आणि अनारसे घरीच. कोडीनवाली खोकल्याची औषधंही तिथे पूर्वपरवानगीशिवाय नेता येत नाहीत. तूप आणि लोणचं मोठ्या बॅगेत घाला. मधल्या थांब्यावर पुन्हा तपासणी होते आणि बऱ्याच ठिकाणी १०० मिलिलिटरच्या वरची बरणी डोळ्यांदेखत कचऱ्यात जाते.

७. आता भाव बघा

गूगल फ्लाइट्सवर कनेक्टिंग एअरपोर्टची गाळणी आहे. तिथे आपण ठरवलेले दोन-तीन थांबेच ठेवा, एकूण वेळ बावीस-तेवीस तासांवर बांधा आणि मग स्वस्त ते महाग लावा. यादी लहान होते आणि डोकंही शांत राहतं. फरक पाच-सात हजारांचा असेल तर मी डोळे झाकून बऱ्या थांब्याचं घेतो. तिकीट काढतानाच व्हीलचेअर आणि शाकाहारी जेवण नोंदवा.

निघायच्या आदल्या दिवशी एक कागद करा. मोठ्या अक्षरांत, मराठीत: पहिल्या विमानाचा नंबर, दुसऱ्याचा नंबर, मधल्या विमानतळाचं नाव, तिथली स्थानिक वेळ, ‘गेट नंबर पडद्यावर बघायचा’, मुलाचा फोन नंबर. खाली त्याच गोष्टी इंग्रजीत, म्हणजे कुणालाही दाखवता येतील. दोन्ही बोर्डिंग कार्डं मुंबईतच मागून घ्या आणि त्याच कागदाला टाचणीने लावा.