कॅथेटरच्या बेंच टेस्टआधी काय काय तयार ठेवायचं

शनिवारी सकाळी रबाळ्याला आपल्या सलाईन-कूलिंगवाल्या अब्लेशन कॅथेटरची (हृदयात घालून आरएफ, म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी करंटने, टिश्यूचा छोटा भाग जाळणारी नळी) बेंच टेस्ट आहे आणि मी नेमका चिपळूणला असणार, म्हणून मागच्या दोन वेळी जे जे विसरलो ते सगळं इथे लिहून ठेवतोय. तुम्ही दोघांनी आजच एकदा वाचून घ्या, शनिवारी सकाळी लोकलमध्ये उभं राहून नको.

सगळ्यात आधी हृदय. घणसोलीच्या मटणवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, बोकडाची तीन पाहिजेत, आणि त्याच्याकडे जाऊन 'काळीज' मागू नका, तो लिव्हर देईल, 'दिल' म्हणायचं. श्रावण असल्यामुळे दुकानात गर्दी नाही, पण मराठी पोरं श्रावणात तीन-तीन दिल घेऊन कुठे निघाली म्हणून तो बघतो मात्र. सकाळी कापलेलंच घ्या, आदल्या दिवशी आणून फ्रीझरमध्ये टाकलेलं चालणार नाही, कारण नंतर आपण टीटीसीने रंगवणार आहोत (ठाणे-बेलापूर रोडवरचं टीटीसी नाही, ट्रायफेनिल टेट्राझोलियम क्लोराइड) आणि तो रंग जिवंत पेशींमधली एन्झाइम्स शाबूत असतील तरच चढतो. जिवंत भाग विटकरी लाल होतो, जळलेला फिकट राहतो. १ टक्क्याचं द्रावण करून बाटलीला फॉइल गुंडाळून ठेवा, उजेडात खराब होतं. आइसबॉक्स ऑफिसचाच वापरा, घरचा नेला तर आई काय म्हणेल ते मी सांगायला नको.

टबात सलाईन ३७ डिग्रीवर, तळाशी रिटर्न प्लेट (टिपमधून निघालेला करंट परत जायला), आणि टिश्यूवरून पाणी वाहतं ठेवणारा छोटा पंप. रक्त वाहतं असतं, साचलेलं नसतं, हे विसरून टेस्ट केली तर सगळे आकडे फुकट. इंपीडन्स (करंटला होणारा अडथळा) साधारण १०० ओहमच्या आसपास येईपर्यंत डिस्टिल्ड वॉटर घालून जुळवा, नुसतं ०.९ टक्के सलाईन रक्तापेक्षा जास्त करंट वाहून नेतं. आणि एक लक्षात असू दे, टबात रक्त नाही म्हणजे टिपवर गुठळी झालेली इथे दिसणार नाही, त्यामुळे 'गुठळी झाली नाही' असं रिपोर्टमध्ये लिहू नका.

आता मुख्य गोष्ट, बाकीचं विसरलात तरी चालेल पण हे नाही. स्क्रीनवर जे टेंपरेचर दिसतं ते टिपचं असतं, मटणाचं नाही. आपणच टिपच्या भोकांतून सलाईन सोडून तिला गार करतोय आणि त्याच टिपमध्ये थर्मोकपल (टेंपरेचर मोजणाऱ्या तारा) बसवून 'किती तापलं' विचारतोय, म्हणजे तापलेल्या माणसाच्या कपाळावर पट्टी ठेवायची आणि ताप पट्टीलाच विचारायचा. टिप ४० दाखवत असते आणि तिच्या २ मिलिमीटर खाली ७०-८० असू शकतं. ५० च्या आसपास टिश्यू कायमचा मरतो, तेच आपल्याला हवंय, पण आत १०० झालं की वाफ होऊन तो फुटतो. म्हणून टिश्यूत २ आणि ४ मिलिमीटर खोलीवर वेगळे प्रोब पाहिजेतच. शक्यतो फायबर ऑप्टिकचे घ्या, त्यांना आरएफचा त्रास होत नाही, दोनच आहेत, तारेसारखे वाकवू नका, तुटतात.

आरएफचा त्रास म्हणजे काय ते हिशोबाने बघा. ३० वॅट आणि १०० ओहम म्हणजे जवळपास ५५ व्होल्ट, साधारण ५०० किलोहर्ट्झचे. त्याच अडीच मिलिमीटरच्या नळीत शेजारून जाणारं आपलं टी टाइप थर्मोकपल एका डिग्रीला ४० मायक्रोव्होल्टच्या आसपास देतं. ढोल-ताशाच्या पथकाशेजारी उभं राहून कोणी कानात कुजबुजावं तसं आहे हे. फिल्टर बोर्ड लावलाय ना ते बघा आणि प्रत्येक शॉटनंतर (आरएफ एकदा चालू करून बंद केला की एक शॉट) एक सोपी चाचणी करा, आरएफ बंद केल्या क्षणी आकडा धाडकन बदलला तर तो नॉइज होता, खरी उष्णता अशी झटक्यात जात नाही, हळूहळू उतरते. सुरू करण्याआधी बर्फाच्या पाण्यात ० आणि टबात ३७ येतंय का ते तपासून वहीत लिहा.

एनएसच्या (नॉर्मल सलाईन, तेच ०.९ टक्केवालं) ५०० मिलीच्या आठ बाटल्या घ्या आणि आदल्या रात्रीपासून टेस्टच्याच खोलीत ठेवा, एसीच्या तोंडाखाली नाही. मागच्या वेळी हेच झालं, सगळे डाग (टिश्यूचा जळलेला भाग) लहान येत होते आणि आम्ही अर्धा दिवस जनरेटरला शिव्या घातल्या. मिनिटाला १७ मिली सलाईन २५ वरून ३७ पर्यंत तापायला १४ वॅट खाते, म्हणजे बाटली अजून गार असेल तर किती खाईल ते तुम्हीच काढा. आरएफ बंद असताना फ्लो मिनिटाला २ मिली, ३० वॅटपर्यंत १७, त्याच्या वर ३०. पंप आरएफच्या काही सेकंद आधी चालू आणि काही सेकंद नंतर बंद, उलटं केलं तर टिप करपते. ३० चा फ्लो उगाच जास्त वेळ ठेवायचा नाही ही सवय आत्तापासून लावा, तासभर चालला तर १.८ लिटर पाणी पेशंटच्या अंगात जातं, आणि हृदय आधीच थकलेलं असेल तर ते फार झालं.

बुडबुडे काढा. टबात बुडबुडा म्हणजे खराब रीडिंग, पेशंटच्या डाव्या कप्प्यात बुडबुडा म्हणजे थेट मेंदूला धोका, म्हणून इथेही हलगर्जी नको. प्रेशरही लिहून ठेवा, नवीन प्रोटोटाइपमध्ये फोर्स सेन्सरच्या तारेला जागा द्यायला सलाईनची वाट थोडी बारीक केलीय आणि त्रिज्या १० टक्के कमी झाली तरी त्याच फ्लोला प्रेशर दीडपट लागतं. माझं मत विचाराल तर तार बाहेरून न्यायला हवी होती, पण ते मीटिंगमध्ये हरलो.

यूपीएस चार्ज करा, पावसात लाइट जातेच. मोबाइल स्टँड, व्हिडिओ, व्हर्नियर, ग्लोव्ह्ज, ब्लेड. आवाज रेकॉर्ड व्हायलाच हवा, टिश्यू फुटला की लाही फुटल्यासारखा टप्प आवाज येतो आणि डोळ्याने निसटतो. प्रत्येक सेटिंगला कमीत कमी तीन शॉट, ३० सेकंदांचे. डाग मधोमध कापून रंगवा आणि रुंदी वरून मोजू नका, कूलिंगमुळे वरचा थर वाचतो आणि डाग घागरीसारखा होतो, तोंड लहान, पोट मोठं. उरलेलं मांस पिवळ्या पिशवीत, खालच्या कुत्र्यांना नाही.

टिपचा दाब १० ग्रॅमवर सेट करायला सोनाराचा काटा आणलाय, तो माझ्या मामांचा आहे. रविवारी परत द्यायचाय, साबणाने दोनदा पुसून, आणि त्यावर काय ठेवलं होतं ते त्यांना सांगायचं नाही.