'मोअर बिगर' आणि 'कॅन एबल टू': या चुका टाळा

'साउथ गोवा इज मोअर बिगर दॅन नॉर्थ गोवा.' २०११च्या जनगणनेनुसार माहिती बरोबर होती: दक्षिण गोवा १,९६६ चौरस किलोमीटर, उत्तर १,७३६. वाक्य चुकलं. 'बिगर'मध्ये 'जास्त' आधीच आलेलं असतं, त्याला 'मोअर' कशाला? आपल्याकडे तुलनेचा सगळा भार मराठीत 'पेक्षा' आणि कोकणीत 'परस' उचलतो, विशेषण जागचं हलत नाही. म्हणून इंग्रजीत एकतर 'बिग दॅन' तोंडातून जातं, नाहीतर धास्तीने दोन्ही लावले जातात. छोट्या शब्दाला 'अर' लावा, ब्युटिफुल, एक्स्पेन्सिव्हसारख्या लांबलचक शब्दाआधी 'मोअर'. गुड-बेटर, बॅड-वर्स हे पाठच करावे लागतात. 'खूपच मोठा' म्हणायचं तर 'व्हेरी बिगर' नको, 'मच बिगर'. आणि सीनियर-ज्युनियरनंतर 'दॅन' नाही, 'टू'.

याहून लबाड चूक ही: 'द फिश इन म्हापसा मार्केट इज फ्रेशर दॅन पणजी.' इथे मासळीची तुलना चक्क शहराशी झाली. 'दॅन द फिश इन पणजी' म्हणा. (मासळी कुठली ताजी, यावर वाद घालायला मी केव्हाही तयार आहे.)

आता कॅन, मस्ट, शुड. यांच्यामागून येणारं क्रियापद मूळ रूपातच राहतं. 'ही कॅन स्पीक्स' नाही, 'आय मस्ट टू गो' तर नाहीच. 'कॅन एबल टू'मध्ये एकच अर्थ दोनदा येतो; 'आय कॅन स्विम' किंवा 'आय अ‍ॅम एबल टू स्विम', एक काहीतरी ठेवा.

हॉटेलच्या नोकरीत खरी फजिती होते ती 'मस्ट नॉट'मुळे. नाश्ता खोलीच्या भाड्यातच धरलेला आहे, म्हणून रिसेप्शनवरचा मुलगा पाहुण्याला प्रेमाने सांगतो, 'यू मस्ट नॉट पे.' पाहुण्याच्या कानी पडतं, 'खबरदार, पैसे द्याल तर!' मुलाला म्हणायचं असतं, द्यायची गरज नाही. ते 'यू डोन्ट हॅव टू पे' असं होतं. नुसत्या 'मस्ट'मध्येही हुकूम असतो, व्याकरण बिनचूक असलं तरी. 'यू मस्ट फिल इन धिस फॉर्म' ऐकून पाहुण्याच्या कपाळाला आठी पडली तर नवल नाही. तिथे 'कुड यू प्लीज फिल इन धिस फॉर्म?' शोभतं.

राहिला भूतकाळ. 'काल बससाठी थांबावं लागलं' याला 'आय मस्ट वेटेड' चालत नाही. 'आय हॅड टू वेट.'